जित्राब कमी झालं, पण त्याचं काम संपलं का? फलटणच्या मेंढीपासून शिराळ्याच्या नागापर्यंतचा हिशोब

सातारा / सांगली : पुसेगावची सेवागिरी यात्रा असो की खरसुंडीची सिद्धनाथाची, यात्रेइतकाच तिथला जनावरांचा बाजारही नावाजलेला. खिलार खोंड घ्यायचा तर माणदेशातच यायचं, ही जुनी रीत. आता बहुतेक गावांत नांगरट ट्रॅक्टरवर गेली आहे आणि गोठ्यात बैलजोडीच्या जागी संकरित गाय उभी आहे. नवी पिढी विचारते, "बैल पोसून करायचं काय?" धनगरवाड्यावर तोच प्रश्न मेंढराबद्दल निघतो. लोकर कुणी घेत नाही, चरायला रान उरलं नाही, मग मागे फिरायचं कशाला?

प्रश्न रास्त आहे, कारण वैरण महाग आहे. पण उत्तर देताना बरेचदा एकाच मापाने मोजलं जातं. दूध किती लिटर, नाहीतर वजन किती किलो. जनावर माणसाला या दोन मापांत न मावणारंही बरंच काही देतं. त्यातलं काही आज लागतं, तर काही आणखी वीस वर्षांनी लागेल. आज बिनकामाचं वाटणारं जनावर उद्या किती मोलाचं ठरू शकतं, याचं उदाहरण लांब शोधायला नको. ते फलटणमध्ये आहे. त्याआधी बैलाचा हिशोब पाहू.

सात वर्षांत दोन कोटी नर कमी

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात गोवंशाची जनावरं १९ कोटी २५ लाखांच्या आसपास भरली. २०१२ च्या तुलनेत एकूण आकडा थोडा वाढलाच. आतला हिशोब मात्र पार बदलला. गाई-कालवडी १८ टक्क्यांनी वाढल्या आणि बैल, वळू, खोंड असे नर ३० टक्क्यांनी घटले. सुमारे ६ कोटी ७९ लाखांवरून नर ४ कोटी ७४ लाखांवर आले. सात वर्षांत दोन कोटी नर कमी. त्याच काळात देशी गोवंश ६ टक्क्यांनी कमी झाला आणि संकरित व विदेशी जनावरं जवळपास २७ टक्क्यांनी वाढली.

कारणं उघड आहेत. ट्रॅक्टरला रोज वैरण लागत नाही. जमिनीचे तुकडे झाले, गायरान आक्रसलं, गडीमाणूस मिळेना. संकरित गाईचा खोंड औताच्या कामाला खिलारसारखा टिकत नाही, उन्हात धापा टाकतो. राज्यात २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे थकलेलं जनावर विकायचा जुना रस्ता बंद झाला आणि काम नसलेला बैल शेवटपर्यंत सांभाळायचा खर्च मालकाच्या अंगावर आला.

तरी बैल सगळीकडून गेलेला नाही. कृष्णा-वारणाकाठी गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या रस्त्यावर टायरगाड्यांची रांग लागते. चिखलाच्या वाटेच्या फडात, जिथे ट्रॉली रुतते, तिथे गाडीच जाते. माण-खटावच्या हलक्या रानात पेरणी आणि कोळपणीला आजही बैल लागतो, कारण उभ्या पिकातून तो ओळ न मोडता चालतो आणि रान दाबत नाही.

गाडीत ऊस भरला की बरंच ओझं जुवावाटे बैलाच्या मानेवर येतं. त्यावर इस्लामपूरजवळच्या राजारामनगर इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी उपाय शोधला. दोन बैलांच्या मधे, जुवाच्या खाली, आणखी एक चाक बसवायचं, म्हणजे मानेवरचा भार ते चाक पेलतं. त्याला त्यांनी 'सारथी' नाव दिलं. २०२२ मध्ये त्याचा फोटो देशभरातल्या मोबाइलवर फिरला. यंत्र आणि जनावर यांतलं एकच निवडावं लागतं असं नाही, हे त्या एका चाकाने दाखवून दिलं.

खिलार टिकण्याचं दुसरं कारण शर्यत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. त्यानंतर पळणाऱ्या खोंडाला पुन्हा भाव आला. खिलार गाय दूध बेताचंच देते. ती पाळायची ती खोंडासाठी. म्हणून खोंडाला गिऱ्हाईक राहिलं तरच गाय दावणीला राहते.

यात एक धोका आहे. पैदास करताना माणूस जे निवडतो, तेच पुढच्या पिढीत उतरतं. खिलाराची निवड आतापर्यंत औत ओढणं, ऊन सोसणं, कडब्यावर भागवणं, मजबूत खूर अशा अनेक गुणांवर झाली. उद्या फक्त पळण्यावर झाली, तर पुढचा खिलार पळेल चांगला, पण बाकीचे गुण मागे पडत जातील. गेलेला गुण पैसे देऊन परत आणता येत नाही.

फलटणची जुळी कोकरं

आता फलटणची गोष्ट.

निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये फलटणला सुरू केली. पुढे संस्थेने शेळ्या-मेंढ्यांवर काम सुरू केलं. तेव्हा समोर असलेली अडचण प्रत्येक मेंढपाळाला ठाऊक आहे. आपली डेक्कनी मेंढी काटक. लोणंद, फलटण, माण भागातली ही काळी-करडी मेंढी दिवसाला कित्येक कोस चालते, वाळल्या काटक्या-पाल्यावर जगते. पण एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. मेंढी वर्षभर सांभाळायची आणि विकायला कोकरू एक. ते लांडग्याने नेलं किंवा रोगाने गेलं, तर वर्ष वाया.

याचं उत्तर बंगालच्या सुंदरबनात होतं. तिथल्या खाऱ्या, दलदलीच्या रानात 'गारोल' नावाची मेंढी असते. मोठी झाली तरी दहा-पंधरा किलोची. आटपाडीच्या बाजारात उभी केली तर लोक तिला कोकरू समजतील. लोकर बेताची, मटण कमी. पण ही बुटकी मेंढी एका वेताला दोन-दोन, कधी तीन कोकरं देते.

या मेंढीचा प्रवास जुना आहे. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या. त्यांचं रक्त तिथल्या मेरिनो मेंढ्यांत मिसळलं आणि लोक विसरूनही गेले. पुढे दीडेकशे वर्षांनी 'बुरूला' नावाच्या एका फार्मवर जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या संशोधकांच्या नजरेत भरल्या. शोध घेत गेल्यावर तो गुण बंगालच्या गारोलकडून आल्याचं दिसलं. हा गुण एकाच जनुकातल्या बदलामुळे येतो. त्याला 'फेक-बी' म्हणतात आणि नेमका बदल कुठे आहे ते २००१ मध्ये सापडलं.

फलटणला काम झालं ते असं. गारोल नर आणि डेक्कनी मेंढी यांचा संकर केला. पहिल्या पिढीत निम्मं रक्त गारोलचं, त्यामुळे कोकरं लहानखुरी. मग त्यातली जनुक असलेली जनावरं निवडून पुन्हा डेक्कनीशी जुळवली, म्हणजे गारोलचं रक्त पाव राहिलं. पुन्हा तसंच केलं, म्हणजे आठवा हिस्सा. अंगकाठी हळूहळू डेक्कनीची झाली आणि जुळ्यांचा गुण मात्र राहिला, कारण दर पिढीला तो असलेलंच जनावर पुढे नेलं. कर्नाटकातल्या बन्नूर मेंढीचं रक्तही यात वापरलं गेलं. यातून जी मेंढी तयार झाली, ती 'नारी सुवर्णा'.

अवघड भाग होता ओळखण्याचा. नराकडे पाहून त्याच्यात हे जनुक आहे की नाही ते कळत नाही. तो काही वीत नाही. त्याच्या लेकी मोठ्या होऊन विणार, मग कळणार. तोवर दोन-तीन वर्षं गेली. म्हणून रक्ताच्या नमुन्यावरून जनुक तपासायची सोय करावी लागली. त्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची साथ होती आणि ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांचंही सहकार्य मिळालं.

मेंढपाळाच्या कामाचा हिशोब असा. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. नरात फेक-बीची एकच प्रत असेल, तर साध्या मेंढ्यांपासून झालेल्या त्याच्या निम्म्या लेकरांत ती उतरते. दोन्ही प्रती असतील, तर सगळ्यांत उतरते. लेकीत एक प्रत आली की ती बरेचदा जुळी देते, दर वेताला देईलच असं नाही. दोन्ही प्रती आलेल्या मेंढीला तीन-चार कोकरं होऊ शकतात आणि तेवढ्यांना पुरेल इतकं दूध तिला नसतं. म्हणून मेंढपाळाच्या कळपात एक प्रत असलेली मेंढी सोयीची.

जुळी म्हणजे दुप्पट फायदा, असा सरळ हिशोब मात्र नाही. जुळी कोकरं जन्मताना वजनाला हलकी असतात. मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. पोटातल्या कोकराची बरीचशी वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. त्या दिवसांत मेंढीला वरचं खाद्य मिळालं नाही, तर दोन्ही कोकरं अशक्त निघतात. रोज मुक्काम हलवणाऱ्या वाड्यावर दोन-दोन नवजात कोकरं नेणंही कष्टाचं. ज्याच्याकडे थोडा भरडा, पेंड, शेवरी-सुबाभळीचा पाला आणि विलेल्या मेंढीला काही दिवस एका जागी ठेवायची सोय आहे, त्याला हा गुण फळतो.

आता मागे वळून पाहा. दहा-पंधरा किलोची, मटण-लोकरीच्या मापाने सगळ्यांत शेवटी बसणारी मेंढी. शंभर वर्षांपूर्वी कुणी "ही ठेवून करायचं काय?" म्हणत ती मोडीत काढली असती, तर आज फलटणच्या मेंढीत जुळी आली नसती. सुंदरबनातल्या गरीब माणसांनी ती पोसली, म्हणून तिचं बियाणं जगाला मिळालं.

डेक्कनी की माडग्याळ?

हाच प्रश्न आज माणदेशात उभा आहे. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी उंच, लांब, पोपटासारख्या बाकदार नाकाची. वजनाला भरते, कोकरू लवकर वाढतं. आटपाडीच्या बाजारात चांगल्या माडग्याळ नराची बोली लाखांत जाते. त्यामुळे अनेकांनी डेक्कनीच्या कळपात माडग्याळ नर सोडला. मटणाला भाव आहे आणि लोकर कातरण्याची मजुरीही लोकरीतून सुटत नाही, तेव्हा मेंढपाळाचं चुकलं असं कुणी म्हणू शकत नाही.

पण सगळेच कळप माडग्याळकडे वळले, तर शुद्ध डेक्कनी कुठे राहील? लांब चालणं, वाळल्या चाऱ्यावर तग धरणं, पावसात-थंडीत उघड्यावर निभावणं, हे डेक्कनीचे गुण आहेत. पाऊस लहरी होत चालला असताना तेच गुण उद्या शोधावे लागतील. मेंढपाळांना पैदाशीचं जनावर मिळावं म्हणून पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं आहेत. त्यांपैकी एक दहिवडीला आणि एक कवठेमहांकाळ तालुक्यात रांजणीला. पण खरी जपणूक होते ती वाड्यावरच. पूर्ण कळप न बदलता काही मेंढ्या शुद्ध डेक्कनी नराखाली ठेवणं, हा त्यातला मधला मार्ग.

मेंढराची आणखी एक कमाई तराजूत येत नाही. शेतात मेंढरं बसवायची रीत. रात्रभर वाघरीत कळप बसला की लेंडी आणि मूत जागेवरच मिळतं. वाहतूक नाही, पसरायची मजुरी नाही. शेतकरी त्याचे पैसे किंवा धान्य देतो. मेंढपाळाचा घरखर्च बरेचदा याच कमाईवर निघतो आणि मेंढरू विकायची वेळ लांबते.

दूध : कालवडच होईल का?

भिलवडीला चितळ्यांचा दुधाचा धंदा १९३९ मध्ये सुरू झाला. आज सातारा-सांगलीत गावोगाव संकलन केंद्र आहे आणि दहा दिवसांनी येणाऱ्या पगारावर घर चालतं. देशाचं दूध उत्पादन २०२३-२४ मध्ये २३ कोटी ९३ लाख टन झालं. या बाबतीत भारत १९९८ पासून जगात पहिला आहे.

दुधाच्या धंद्यातली जुनी डोकेदुखी म्हणजे गाईला होणारा खोंड. दूध नाही, औताला नाही, विकत कुणी घेत नाही. त्यावर आता लिंगनिर्धारित रेतमात्रा आल्या आहेत. त्यामागचं शास्त्र सोपं आहे. कालवड होणाऱ्या शुक्राणूत खोंड होणाऱ्या शुक्राणूपेक्षा सुमारे चार टक्के जास्त डीएनए असतो. यंत्र या फरकावरून शुक्राणू वेगळे करतं. अशी मात्रा वापरली तर दहापैकी साधारण नऊ वेळा कालवड होते.

पण या कांडीत शुक्राणू कमी असतात, त्यामुळे गाभण राहण्याचं प्रमाण साध्या मात्रेपेक्षा थोडं कमी राहतं. माज नेमका ओळखला, जनावर सुदृढ असलं, तरच पैसे वसूल. वारंवार उलटणाऱ्या गाईवर ही मात्रा वापरणं म्हणजे खर्च वाया घालवणं.

हेच तंत्र देशी वाणालाही उपयोगी पडतं. चांगल्या वळूचं वीर्य गोठवून कित्येक वर्षं ठेवता येतं. उत्तम गाईचा गर्भ दुसऱ्या साध्या गाईच्या पोटात वाढवता येतो. पण त्यासाठी आधी ती उत्तम गाय आणि तो वळू कुठेतरी जिवंत असावा लागतो. नसलेलं जनावर प्रयोगशाळा बनवून देत नाही.

शेण : क्षारपड रानाची गरज

वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात जादा पाण्याने आणि नुसत्या रासायनिक खताने किती रानं क्षारपड झाली, हे तिथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. अशी जमीन सुधारायची तर आधी निचरा, आणि त्याच्या जोडीला सेंद्रिय खत. बैल गेले, गुरं कमी झाली, तसा उकिरडाही आटला. शेणखत आता पैसे मोजून आणावं लागतं.

एक मोठं जनावर रोज दहा-पंधरा किलो शेण देतं. पंचवीस किलो शेणापासून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज पन्नास किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरं लागतात. त्यावर चार-पाच माणसांच्या घराचा स्वयंपाक होतो. बाहेर पडणारी स्लरी रानाला मिळते ती वेगळीच. सिलिंडरचा दर वाढला की या हिशोबाची आठवण हमखास होते.

साप चावला तर घोडा वाचवतो

बत्तीस शिराळ्याचं नाव नागपंचमीमुळे सर्वदूर गेलं. जिवंत नाग पकडण्यावर न्यायालयाने बंदी घातली, तरी नागाशी त्या गावाचं नातं आहेच. पण साप चावल्यावर माणसाचा जीव कोण वाचवतं, हे फार जणांना माहीत नसतं. त्याचं उत्तर आहे घोडा.

सापाच्या विषाची अगदी थोडी मात्रा घोड्याला टोचतात आणि हळूहळू वाढवत नेतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाशी लढणारी प्रतिपिंडं तयार होतात. मग ठराविक दिवसांनी रक्त काढून, ती प्रतिपिंडं वेगळी आणि शुद्ध करून कुपीत भरतात. हीच सर्पदंशावरची लस. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालते. मुंबईची हाफकिन संस्था हे काम कित्येक दशकं करत आली आहे. विषही जिवंत सापाकडूनच घ्यावं लागतं. देशात ते मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. साप पकडायचा, विष काढायचं आणि पुन्हा रानात सोडायचा.

एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली. बहुतेक ग्रामीण भागातली. घोड्याशिवाय, प्रयोगशाळेत प्रतिपिंडं बनवायचे प्रयत्न जगभर चालू आहेत. ते हातात येईपर्यंत शेतात पाणी पाजणाऱ्या माणसाचा जीव या घोड्यावरच अवलंबून आहे.

म्हणून साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये. चावलेला हात-पाय हलवू न देता १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठावा. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

मांघरची मधमाशी

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर १६ मे २०२२ रोजी देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. घरोघरी सातेरी मधमाशीच्या पेट्या, असं हे गाव. मध विकून पैसे मिळतात ते दिसतात. पण मधमाशीचं मोठं काम परागीभवनाचं. सूर्यफूल, कांद्याचं बियाणं, काकडी-भोपळ्याचे वेल, आटपाडीचं डाळिंब, या सगळ्यांत तिच्या फेऱ्यांवर फळधारणा वाढते. फुलोऱ्यात सकाळी कीटकनाशक मारलं की तिचा घात होतो. फवारणी करायचीच असेल तर सूर्य मावळताना करावी, एवढं पाळलं तरी बरंच साधतं.

पुढच्या काळात काय?

जनावराकडून माणसाला मिळणाऱ्या गोष्टींची यादी वाढतच चालली आहे. ७ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात जनुकीय बदल केलेल्या डुकराचं हृदय डेव्हिड बेनेट या रुग्णाला बसवलं. तो सुमारे दोन महिने जगला. मार्च २०२४ मध्ये बोस्टनला डुकराचं मूत्रपिंड जिवंत रुग्णाला बसवण्यात आलं. हे प्रयोग सुरुवातीचे आहेत. पण डुक्कर आणि गाईच्या ऊतींपासून बनवलेल्या हृदयाच्या झडपा माणसांना बसवणं आता नेहमीचं झालं आहे.

माणूसही जनावराला काही देणं लागतो. बुळकांडीने एकेकाळी गावंच्या गावं गुरांविना केली. लसीकरणाने २०११ मध्ये हा रोग जगातून संपला. आता शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर २०३० पर्यंत संपवायचं जगाचं उद्दिष्ट आहे. २०२२ च्या लम्पीने मात्र आठवण करून दिली की रोग संपत नाहीत, नवे येत राहतात. सगळ्या गोठ्यांत एकाच रक्ताची जनावरं असतील, तर एकच रोग सगळ्यांना गाठू शकतो. वेगवेगळे वाण गावात असणं हाही एक विमाच.

गोठ्यापासून सुरुवात

- चांगली खिलार गाय असेल तर तिला एकदा तरी शुद्ध खिलार वळूच द्यावा. खोंड निवडताना पळण्यासोबत चाल, खूर आणि स्वभावही पाहावा.
- मेंढपाळांनी कळपात काही शुद्ध डेक्कनी मेंढ्या वेगळ्या ओळखून ठेवाव्यात. जुळी देणारा नर घ्यायचा तर जनुक तपासणीचा कागद मागावा. नुसत्या तोंडी शब्दावर जाऊ नये.
- जनावराच्या कानातला बारा अंकी बिल्ला काढू नये. लसीकरणाची नोंद त्यावरच होते.
- जनावर आजारी पडलं तर पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक लावावा.
- आपल्या गावाला जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस मिळते, हे पावसाळ्याआधीच विचारून ठेवावं.

२०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जतच्या लोकांनी घरदार सोडून चारा छावण्यांत जनावरांजवळ मुक्काम केला. तेव्हा कुणी लिटर आणि किलोचा हिशोब मांडला नाही. दावण मोडली की पुन्हा उभी राहत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आता दुष्काळ नसतानाही दावणी मोडत आहेत, एकेक करून. पुढच्या पिढीला नवं काही घडवायचं असेल, तर त्याचं बियाणं याच गोठ्यांतून आणि याच वाड्यांवरून न्यावं लागणार आहे.